शब्दचर्चा : ‘गोल्डन मेलडी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : तैवानच्या ‘गोल्डन मेलडी’ या संगीत पुरस्काराला ‘सुवर्णधून पुरस्कार’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : धून नको. ‘मेलडी’ हेच मुळात भाषांतर आहे. मूळ मंदारिन (प्रमाण चिनी) नाव चिन-छ्यू-च्यांग. चिन म्हणजे सोनं, च्यांग म्हणजे बक्षीस; घोळ होतो तो मधल्या ‘छ्यू’पाशी. चीनच्या युआन राजवटीत (१२७१–१३६८) छ्यू हा काव्यप्रकार होता : ठरलेल्या चालीचं नाव घ्यायचं आणि तिच्यात नवे शब्द बसवायचे. या साच्याला छ्यूफाय म्हणतात. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदावर ‘चाल :’ असं छापून आधीच्या पदाचे शब्द देत, त्याची आठवण व्हावी. छ्यूफाय मात्र जास्त कडक. ओळींची लांबी आणि अक्षरांचे सूरही (अर्थ ठरवणारे उच्चारातले चढउतार) तो बांधून देतो. पारंपरिक संगीतनाट्यालाही शी-छ्यूच म्हणतात.

दुसरं उत्तर : मग ‘सुवर्णपद’? अर्थाने नेमकं, पण घाईत ‘सुवर्णपदक’ वाचलं जाणार. आजच्या बोलीत चिन-छ्यू म्हणजे गाजलेलं, टिकलेलं गाणं, म्हणून ‘सुवर्णगीत पुरस्कार’ बरा. वाद्यसंगीताच्या अल्बमलाही हा पुरस्कार मिळतो, तिथे ‘गीत’ जरा अडखळतं, हे मान्य.

उच्चाराबद्दल : दोन्ही च ‘चिमणी’तले, ‘चमचा’तले नव्हेत. छ्यूसाठी जीभ ‘ई’च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. छ्यू आणि च्यांग दोन्ही तिसऱ्या सुरातले. असे दोन लागोपाठ आले की पहिला चढत्या, दुसऱ्या सुरात जातो. छ्यू पहिल्या सुरात म्हटलात तर अर्थ होतो ‘वाकडा’. अक्षर तेच!

‘सुवर्ण’बद्दल : सरसकट लावू नका. १९६२चा तैवानचाच चित्रपट पुरस्कार चिन-मा, शब्दशः ‘सोनेरी घोडा’, पण ती चिनमन आणि मात्सू या बेटांची आद्याक्षरं आहेत. संगीताचा पुरस्कार १९९०चा. त्यातलं सोनं खरोखर सोनंच.

आणखी एक : बातमी लिहिताना सोहळा कोणता ते तपासा. पारंपरिक संगीताचा सोहळा वेगळा होतो, नाव छ्वान-यी चिन-छ्यू-च्यांग. ‘छ्वान-यी’ हा ‘पारंपरिक आणि कलासंगीत’ अशा अर्थाच्या लांब नावाचा संक्षेप. तेव्हा ‘पारंपरिक व कलासंगीत सुवर्णगीत पुरस्कार’ लिहा, ‘लोकसंगीत’ नको. त्यात वाद्यवृंद आणि संगीतनाट्यही येतं.

‘चिनी’ हा शब्दही जपून वापरा. मंदारिनच्या विभागांना पूर्वी क्वो-यू (राष्ट्रभाषा) म्हणत, आता ह्वा-यू (चिनी वंशाच्या लोकांची भाषा) म्हणतात. २०१४चा सर्वोत्कृष्ट मंदारिन गायक जेजे लिन सिंगापूरचा, त्यामुळे हा बदल पटतो. शिवाय तैवानी, हक्का आणि आदिवासी भाषांचे विभाग वेगळे आहेत. त्या सगळ्यांना मिळून ‘चिनी गाणी’ म्हणणं चूक, कारण आदिवासी भाषा चिनी कुळातल्या नाहीतच.