हिऱ्याच्या कुडीतला एक खडा हलतोय. आधी धुवावी की सोनाराकडे न्यावी?

मदत हवी आहे. सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत, १८ कॅरेट, ७५०चा शिक्का. खडे पांढऱ्या सोन्यात बसवलेले. डाव्या कुडीतला कडेचा हिरा सुईने ढकलला की हलतो. सगळेच खडे मंद दिसतात, मागे काळपट मळ साचलाय. घरी धुतल्या तर चालतील का? सराफ बाजारात दुरुस्तीला देताना खडा बदलला जाऊ नये म्हणून काय बघावं? याच डबीत मोत्याची नथही असते.

गोदाकाठ
डावी कुडी अजिबात धुऊ नका! सैल खडा बऱ्याचदा मळानेच धरून ठेवलेला असतो. साबणाने मळ सुटला की खडाही सुटतो. आजपासून घालणं बंद. झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा. कापसात नको, त्याचे तंतू प्रॉन्गमध्ये (खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या दातात) अडकून ती आणखी उचलली जाते.

अशा कुडीत बहुधा एकच प्रॉन्ग शेजारच्या दोन खड्यांना धरते, म्हणून हलणाऱ्या हिऱ्याच्या दोन्ही बाजूंचे खडेही तपासा. सुईने नको, सोन्यावर ओरखडे पडतात. लाकडी टूथपिक घ्या. मग कुडी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. बारीक टकटक आली तर खडा सैल आहे. प्रॉन्गवरून सुती कापड फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे टोक उचललंय.

सराफगल्ली
दुरुस्ती दोन प्रकारची असते. प्रॉन्ग नुसती वाकली असेल तर दाबून घट्ट होते. समोर बसूनच करून घ्या. टोक झिजलं असेल तर नवं सोनं चढवावं लागतं. ते लेझरने करतात का, हे आधी विचारा. लेझरची उष्णता एका बिंदूपुरती राहते. गॅसच्या ज्योतीने करायचं तर हिऱ्यावर बोरिक ॲसिडचा लेप हवाच, नाहीतर पृष्ठभाग जळून पांढुरका होतो. भेगा भरलेला हिरा असेल तर ज्योत नकोच, आतला भराव उडतो.

कुडीतले हिरे लहान, त्यामुळे कडेवर लेझरने कोरलेला ओळख नंबर बहुधा नसतो. देण्याआधी सराफाकडच्या १० पट भिंगातून प्रत्येक खड्याचा फोटो काढा, आतले डाग हीच त्यांची ओळख. पावतीवर एकूण वजन, खड्यांची संख्या, कोणता खडा सैल, हे लिहून घ्या. वजनकाटा ग्रॅममध्ये दशांश चिन्हापुढे तीन अंक दाखवणारा हवा: हिऱ्याच्या वजनात १ कॅरेट म्हणजे १०० सेंट किंवा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १० सेंटचा हिरा जेमतेम २० मिलिग्रॅम. सोनं चढवल्यावर वजन वाढतं, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका.

धागाकर्ती
धन्यवाद! उजवी तपासली, सगळे खडे पक्के आहेत. मागून उघडी आहे. ती धुऊ?

गोदाकाठ
हो ताई. मागून बंद कोंदण असतं तर नाही म्हटलं असतं, आत पाणी अडकतं. कपभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे ३-४ थेंब टाका, २०-३० मिनिटं भिजवा. मग लहान मुलाच्या मऊ ब्रशने आधी मागची भोकं घासा. हिऱ्याला तेल पटकन चिकटतं आणि मागे तवंग बसला की चमक जाते, पुढून कितीही पुसा. बेसिनवर धुऊ नका, वाटीत चहाची गाळणी ठेवून त्यात धुवा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने, नाहीतर क्षाराचे डाग राहतात. रिठ्याचं पाणी चालेल, गाळून घ्या. टूथपेस्ट नको, हिऱ्याला काही होत नाही, सोनं खरवडतं. ब्लीच तर मुळीच नको, क्लोरीनने पांढऱ्या सोन्याच्या प्रॉन्गला तडे जातात. पोहायला जातानाही कुड्या काढून ठेवा.

सराफगल्ली
नथ वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा. हिरा मोत्याला आणि दुसऱ्या हिऱ्यालाही ओरखडतो. मोती भिजवायचे नाहीत, ओल्या मऊ कापडाने पुसायचे. आणि सराफाकडे जाताय तर दोन्ही कुड्यांच्या फिरक्या तपासून घ्या. आटे झिजून फिरकी सहज सरकत असेल तर लगेच बदला.