लाँगबोवर नेम बसत नाही, हा दोष खरंच धनुष्याचा का?

परळचा_बाण:
रविवारी प्रॅक्टिसला परत तोच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. आमच्यातल्या एकाने नवीन आलेल्या पोरीला सरळ सांगून टाकलं की नेम शिकायचा असेल तर रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घे, लाँगबो (लांब, साधं धनुष्य) हौसेपुरता ठीक आहे. मला हे अजिबात पटलेलं नाही. आणि मी ऑलिम्पिकवाल्या रिकर्व्हबद्दल बोलत नाहीये, त्याला नेम धरायची साइट, तोल राखणारा स्टॅबिलायझर, पूर्ण ओढल्यावर टक वाजणारा क्लिकर सगळं असतं. इथे नुसतं लाकडी धनुष्य, तीन बोटं आणि डोळा, एवढंच.

मी सहा वर्षं ३५ पाउंडांचा (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा) रिकर्व्ह चालवला, आता दोन वर्षं तेवढ्याच पाउंडांचा ६८ इंची लाँगबो चालवतोय. सुरुवातीचे तीन महिने माझे बाण डावीकडे जायचे, सगळेच्या सगळे, आणि मी धनुष्याला शिव्या घालत होतो. मग एका जुन्या काकांनी माझा बाण घेतला, दोन्ही टोकं धरून मध्ये अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, अरे हा केवढा ताठ आहे. रिकर्व्हच्या रायझरला, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाला, मध्यापर्यंत खाच कापलेली असते त्यामुळे बाण दोरीच्या रेषेत बसतो, पण लाँगबोत बाण मुठीच्या बाजूने जातो, सुटताना त्याला वाकून मुठीला वळसा घालून परत सरळ व्हावं लागतं. ताठ बाण तेवढा वाकत नाही, मग उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो डावीकडे जातो. जरा मऊ स्पाइनचे (स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा) लाकडी बाण आणले आणि त्याच आठवड्यात ग्रुप, म्हणजे बाणांचा पुंजका, मध्यावर आला. धनुष्य तेच, हात तोच. मग दोष कोणाचा होता?

नेमधारी:
दादा, तुमचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. ज्या धनुष्याला बाण एवढा मोजूनमापून लागतो ते कमी अचूकच म्हणायचं ना? रिकर्व्हला स्पाइन थोडी इकडेतिकडे झाली तरी तो सांभाळून घेतो. दुसरी गोष्ट ग्रिप. रिकर्व्हची मूठ पिस्तुलासारखी कोरलेली असते, हात दर वेळी त्याच जागी जाऊन बसतो. लाँगबोची मूठ जवळजवळ सरळ दांडा, तळवा अर्धा बोट वरखाली झाला की बाण वरखाली. आणि वजन विसरू नका, रायझर जड असला की डावा हात सोडताना हलत नाही, हलक्या लाँगबोचा झटका तर कोपरापर्यंत येतो. शिवाय रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असल्यामुळे तेवढ्याच पाउंडांत जास्त ताकद साठते, बाण वेगात जातो, वाटेत कमी खाली येतो. एवढं सगळं असताना दोन्ही सारखेच म्हणणं मला भावनिक वाटतं. माझ्या हातात दोन्ही आहेत आणि शेवटचे सहा बाण जीव लावून मारायचे असतील तर मी रिकर्व्हच उचलणार.

बोरिवली_पूर्व:
नेमधारींना अनुमोदन. शिवाय ६८ इंच म्हणजे साडेपाच फुटांच्या वर, ते घेऊन सकाळी ८ च्या लोकलमध्ये चढून दाखवा. टेकडाउन रिकर्व्ह तीन तुकडे करून पाठीवरच्या सॅकमध्ये जातो, म्हणून मी आठवड्यातून चार दिवस प्रॅक्टिसला जाऊ शकतो. नेम शेवटी रोजच्या सरावावरच बसतो ना.

परळचा_बाण:
लोकलचं मान्य, अगदी मान्य, मी स्वतः पहिली गाडी पकडून जातो. ग्रिपचंही मान्य. पण वेगाचा मुद्दा फार ताणला जातो असं मला वाटतं. हिशोब करून बघा. समजा लाँगबोचा बाण सेकंदाला १६० फूट जातोय आणि रिकर्व्हचा १८०. टार्गेट ३० मीटरवर आहे आणि तुम्ही अंतर ३२ धरलंत, तर लाँगबोचा बाण साधारण १२ सेंटीमीटर वर लागेल आणि रिकर्व्हचा १० सेंटीमीटर. म्हणजे अंतर दोन मीटर चुकवल्यावर फरक दोन सेंटीमीटरचा. आणि अंतर माहीत असेल, रोजचं १८ मीटर, तर तेवढाही नाही. आपल्यापैकी किती जणांचा रिलीज (दोरी सोडणं) दोन सेंटीमीटरचा फरक दाखवण्याइतका स्वच्छ आहे?

आणि लाँगबोच्या बाजूने एक गोष्ट कोणी बोलतच नाही. धनुष्य लांब असलं की पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन मोकळा राहतो, बोटं चिमटत नाहीत, दोरी सुटते ती सरळ सुटते. ५८ इंची रिकर्व्हवर माझं मधलं बोट सोलून निघायचं आणि रिलीजला दोरी बाजूला ओढली जायची. मूठ किंचित पिळली गेली तर रिकर्व्हचे पातळ लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजा) ते लगेच बाणात उतरवतात, लाँगबोचे जाड अरुंद लिंब तेवढं मनावर घेत नाहीत.

नेमधारी:
५८ ची तुलना ६८ शी का करता? ६४ चा रिकर्व्ह घ्या, बोटं नाही चिमटत. आणि दोन सेंटीमीटर १० च्या रिंगच्या रेषेवर असले की काय होतं ते स्पर्धेत मारणाऱ्याला विचारा.

वाड्याची_पोर:
मी पालघर जिल्ह्यातली, आता कामासाठी अंधेरीला असते. तुम्ही दोघं बोलताय त्यात बांबूचं धनुष्य कुठेच नाही याचं वाईट वाटलं. आपल्याकडे नॅशनल्सला इंडियन राउंड असतो, बांबूचंच धनुष्य, ३० आणि ५० मीटर. त्याला ना वळलेली टोकं ना जड रायझर, आणि पोरं ५० मीटरवर मारतात. तिरंदाज लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच शिकले आणि तीन ऑलिम्पिक खेळले. ऑलिम्पिकला रिकर्व्हच होता हे मला माहीत आहे, पण डोळा आणि खांदा आधीच तयार होता. नेमधारी दादा, तुम्ही म्हणता ते स्पर्धेसाठी बरोबर असेल, पण नवीन पोरीला पहिल्याच दिवशी सांगायचं की हे धनुष्य नेमाचं नाही, हे चुकीचं आहे. माझ्या आजोबांनी मला फक्त एकच गोष्ट शिकवली होती, ओढून झाल्यावर अंगठा जबड्याच्या हाडाखाली त्याच खोबणीत बसला पाहिजे, नाही बसला तर बाण सोडायचा नाही, दोरी परत ढिली करायची.

बोरिवली_पूर्व:
ताई, हे अँकरचं (ओढलेला हात टेकवायच्या ठरलेल्या जागेचं) अगदी खरं. मी पावसाळ्यात हे भोगलंय, पिसं ओली झाली, बाण भरकटायला लागले, आणि मी घाईघाईने अँकर बदलत बसलो. पिसं सुकली तरी महिनाभर ग्रुप परत आला नाही.

नेमधारी:
ताई, त्या मुलीला मीच सांगितलं होतं. हौसेपुरता हा शब्द मी वापरायला नको होता, तो मागे घेतो. रिकर्व्ह जास्त अचूक आहे हे मात्र मागे घेत नाही, कारण तीच चूक केल्यावर तो कमी शिक्षा करतो.

परळचा_बाण:
मग या रविवारी तुमचा ३५ चा रिकर्व्ह आणि माझा लाँगबो, दोघांना आपापल्या स्पाइनचे लाकडी बाण. कार्बनचे नाहीत. त्या नवीन पोरीने दोन्हींनी ३०-३० बाण मारायचे, आपण दोघांनी मागे उभं राहून तोंड बंद ठेवायचं. तिला फोन मी करतो.

नेमधारी:
चालेल. आधी १८ मीटर, मग २५. आणि दोन्हीची ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर) मी मोजणार.