मूळपेशी दाता: गालात बोळा फिरवला म्हणजे संमती झाली?

सड्यावरचा:
कॉलेजातल्या रक्तदान शिबिरातच मूळपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) दात्यांची नोंदणी उरकायला माझा विरोध आहे. नोंदणीला नाही, उरकण्याला. स्वॅबला, म्हणजे गालात बोळा फिरवायला, दोन मिनिटं पुरतात. एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) रुग्णाशी जुळल्यावर काय होतं ते सांगायला अर्धा तास हवा. दर किलो वजनाला 10 मायक्रोग्रॅम जी-सीएसएफ (मूळपेशी रक्तात उतरवणारं औषध), चार-पाच दिवस रोज टोचायचं. हाडं ठणकतात. मग रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढणाऱ्या एफेरेसिस यंत्रावर चार ते सहा तास, पेशी कमी भरल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खाडीकाठ:
असं सांगितलंत तर पोरं मंडपातूनच पळतील! ठणका पॅरासिटामॉलने आवरतो (अ‍ॅस्पिरिन नको, प्लेटलेट्स तशाही उतरतात). यंत्रावर ओठांना मुंग्या येतात त्या रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे, कॅल्शियम दिलं की जातात. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. घरात एकुलतं एक पोर असेल तर परक्या दात्याशिवाय आहे कोण?

सड्यावरचा:
पळायचं तर मंडपातूनच पळू देत. प्रत्यारोपणाआधी केमो देऊन रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा संपवतात. त्यानंतर दाता फिरला, तर रुग्ण जीवानिशी जाईल. आणि फिरायचा हक्क दात्याला शेवटपर्यंत असतोच.

खाडीकाठ:
मग पेशी आधी काढून गोठवा. कोविडमध्ये तेच केलं.

सड्यावरचा:
वितळवताना काही पेशी मरतात. शिवाय मधेच रुग्ण खालावला तर दात्याने सोसलेलं फुकट.

बंदरावरून:
तुमचं कॉलेजच्या पोरांवर अडलंय. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या खलाशाचं बोला. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, त्यानंतर आठवडाभर बोट चुकली की मासळीच्या कमाईतला वाटा गेला. इंजेक्शनच्या दिवसांत पाणथरी (प्लीहा) फुगते, क्वचित फुटतेही. म्हणजे जाळं ओढणं, कबड्डी सगळं बंद. प्रवासखर्च मिळेल, बुडालेल्या वाट्याचं काय?

खाडीकाठ:
पैसे आले की विक्री आली. गरजू माणूस आजार लपवून दाता होईल, आणि तो आजार रुग्णाला चिकटेल.

बंदरावरून:
किंमत वेगळी, भरपाई वेगळी. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यातही दात्याची बुडालेली कमाई ‘मोबदल्या’त धरलेली नाही. वाट्याचा हिशोब तांडेलाकडून (बोटीच्या म्होरक्याकडून) लिहून घ्या, तेवढेच द्या. रुपया जास्त नको.

खाडीकाठ:
तेवढ्यापुरतं मान्य. पण हा हिशोब दाता जुळल्यावर काढा. शिबिरात पैशाचं नावसुद्धा नको.

सड्यावरचा:
तिथेच चुकता. खलाशाला वाटा बुडणार हे स्वॅबआधी कळायला हवं, तर भरपाईचंही तेव्हाच सांगावं लागेल.