रिसेप्टर बोथट झाला म्हणजे ताण निरुपद्रवी ठरला का?

मांजराकाठ :
‘बालाघाट’ यांनी काल लिहिले की दीर्घ ताणात ताणाचे संप्रेरक असलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनचा मारा सतत चालतो, त्यामुळे पेशींवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणारी प्रथिने, बोथट होऊन आत ओढले जातात, आणि म्हणून कॅन्सरच्या बाबतीत दीर्घ ताण निरुपद्रवी आहे. या विधानाचा पूर्वार्ध बरोबर आहे, पण निष्कर्ष इतका खटकला की सविस्तर लिहिणे भाग पडले. रिसेप्टर उत्तेजित झाला की जी-प्रोटीन या मध्यस्थ प्रथिनामार्फत पेशीत सीएएमपी हा संदेशवाहक रेणू वाढतो. मग जीआरके ही एन्झाइमे रिसेप्टरला फॉस्फेट जोडतात, त्यावर बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसते आणि जी-प्रोटीनची वाट अडते; हेच ते बोथट होणे. मात्र तेच अरेस्टिन सार्क आणि ईआरके या पेशीला वाढीचा संदेश देणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीला जोडून देते, आणि आत गेलेले बरेच रिसेप्टर फॉस्फेट उतरवून पुन्हा पृष्ठभागावर येतात. २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या प्रयोगात रोज कोंडून ठेवलेल्या उंदरांच्या अंडाशयाच्या गाठी वाढल्या, त्यांतील रक्तवाहिन्याही वाढल्या, आणि बीटा रिसेप्टर अडवणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाने तो परिणाम रोखला. ताण रोजचाच होता, तरी रिसेप्टर गप्प बसला नव्हता.

बालाघाट :
उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माझ्या आईला दमा आहे. बीटा रिसेप्टरलाच उत्तेजित करून श्वासनलिका मोकळी करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप वारंवार ओढून ओढून त्याचा गुण येईनासा झाला, हे मी घरात रोज पाहिले आहे. श्वासनलिकेतला रिसेप्टर थकतो, मग गाठीतला का थकू नये?

खामकाठ :
मी औषधशास्त्र शिकवते. पंपाचा गुण कमी होण्यामागे अनेकदा वाढलेली सूज असते, केवळ रिसेप्टर नव्हे. स्टेरॉइड दिल्यावर सूज उतरते आणि बीटा-२ या श्वासनलिका सैल करणाऱ्या प्रकारच्या रिसेप्टरची संख्याही वाढते. शिवाय प्रत्येक पेशीत जीआरके आणि अरेस्टिन सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे आईच्या श्वासनलिकेवरून गाठीचा अंदाज बांधता येत नाही.

गोदाकाठ :
तुमचे रिसेप्टर क्षणभर बाजूला ठेवा. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षे तंबाखू-चुना खाल्ला आणि त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा मात्र म्हणे, “पोरींच्या लग्नाचे टेन्शन घेतले, म्हणून झाले.” आम्ही तिघी बहिणी दोन वर्षे तो ठपका घेऊन जगलो. ताणाची चर्चा निघाली की मला तीच ओसरी आणि तीच माणसे आठवतात.

बालाघाट :
मी नेमके याचसाठी लिहिले होते. रोग्याला आणि घरच्यांना दोष देणारी ही भाषा थांबली पाहिजे. विद्वानांनी माझ्या लेखात चुका शोधण्याआधी त्या ओसरीवर बसून पाहावे.

मांजराकाठ :
मी त्या ओसरीवर बसलो आहे, माझ्या भावासाठी. दोष काढून टाकण्यासाठी जीवरसायनशास्त्र वाकवावे लागत नाही. ताणाने कॅन्सर होतो असे मी कुठेही म्हटलेले नाही. असलेल्या गाठीला ताणाच्या संप्रेरकांचे बळ मिळू शकते, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गोदाकाठ ताई, तंबाखूतील एनएनके हे कॅन्सरकारक रसायन स्वतःच बीटा रिसेप्टरला उत्तेजित करते, असे फुप्फुसाच्या कॅन्सरपेशींत दिसले आहे. म्हणजे त्या रिसेप्टरपर्यंत पोचायला मुलींच्या लग्नाची गरजच नव्हती; तंबाखूची डबी पुरेशी होती.

गोदाकाठ :
हे पाहुण्यांसमोर कोणी बोलले असते, तर आईचे रडणे तरी थांबले असते.

खामकाठ :
एक इशारा देते. हे वाचून कोणी स्वतःहून प्रोप्रॅनोलॉल सुरू करू नये. ते बीटा-२ रिसेप्टरही अडवते, म्हणून दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आवळते. बालाघाट यांच्या आईंना तर ते धोक्याचेच आहे. २०२० मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या साठ स्त्रियांवर शस्त्रक्रियेपूर्वी सात दिवस प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करत हे औषध तपासले गेले. गाठीतील पसरण्याशी निगडित जनुकांचे काम कमी झालेले दिसले. आयुष्य वाढते का, हे त्या प्रयोगाने तपासले नव्हते.

बालाघाट :
‘निरुपद्रवी’ हा शब्द मी मागे घेतो, कारण अरेस्टिनच्या दुसऱ्या वाटेचा विचार मी केला नव्हता. पण साठ स्त्रिया आणि सात दिवस यांवर कोणी ताणाचा नवा बागुलबुवा उभा करणार असेल, तर मी पुन्हा भांडेन.

मांजराकाठ :
तेवढे मान्य. मात्र मूळ लेखातली ती ओळ आजच दुरुस्त करा.