मदत हवी आहे: क्वांटम ऑप्टिक्समध्ये पीएचडी, कोल्हापुरातून वाट कशी?

नमस्कार मंडळी. भाची शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांचा ओढा थिन फिल्मकडं (पदार्थांचे अतिपातळ थर), हिला मात्र क्वांटम ऑप्टिक्सनं (प्रकाशाच्या कणांचा, म्हणजे फोटॉनांचा अभ्यास) झपाटलंय. २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना एंटँगल्ड (एकमेकांत गुंतलेल्या) फोटॉनांवरच्या प्रयोगांसाठी मिळालं, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. (तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीतसुद्धा बेलची असमानता, म्हणजे त्याच प्रयोगांत तपासलेलं गणिती सूत्र!)

मनात दोन जागा आहेत: आयसर पुणे (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था) आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था. पुणे जवळ म्हणून दाजी खूश. पण अंतर बघून गाइड निवडू नये, असं माझं मत.

प्रयोगात जावं की थिअरीत? ऑप्टिकल टेबलावर लेसर, आरसे जुळवण्यातच महिने जातात म्हणे. मग पेपर कधी निघणार? पीएचडी प्रवेशासाठी जेस्ट परीक्षा पुरेल की गेटही द्यावी? आणि २०२३ मध्ये क्वांटम संशोधनासाठी केंद्राचं सहा हजार कोटींचं नॅशनल क्वांटम मिशन मंजूर झालं, त्यानं पोस्टडॉकनंतर (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) इथंच प्राध्यापकाची जागा मिळणं सोपं झालंय, की परदेशवारी अजून अटळच?

या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगितलं तर बरं. 'बँकेची परीक्षा दे' हा सल्ला आमच्या गल्लीत फुकट मिळतो.