जुन्या घराच्या थकीत वीजबिलाची क्रेडिट अहवालात नोंद होईल का? मदत हवी आहे

आठ महिन्यांपूर्वी भाड्याचे घर सोडताना मी मीटरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला आणि जोडणी बंद करण्याचा अर्जही दिला. तरीही अंतिम बिल जुन्याच पत्त्यावर गेले आणि आता थेट वसुली एजन्सीचे पत्र हाती पडले आहे. त्यातील रीडिंग माझ्या फोटोतल्या आकड्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे बहुधा पुढच्या भाडेकरूचा वापरही माझ्याच माथी आला आहे. कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीची पोच माझ्याकडे आहे आणि क्रेडिट अहवालात अद्याप नोंद नाही. माझ्या वाट्याची रक्कम भरायला माझी ना नाही. मात्र पुढच्या महिन्यात गृहकर्जासाठी अर्ज करायचा असल्याने फार थांबता येणार नाही. पूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरावी, की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत ही नोंद लेखी विनंतीने थांबवता येते?