सल्ला हवा: केकसाठी पिंजऱ्याबाहेरची अंडी (पुणे)

मैदा_वाटी: घरून केक करते. आठवड्याला आठ-नऊ ट्रे अंडी लागतात. परवा एका ऑफिसची मोठी ऑर्डर आली, पण अट अशी की अंडी 'केज-फ्री'च हवीत, कंपनीचं धोरण आहे. नेहमीच्या दुकानदाराला विचारलं तर त्यानं तपकिरी अंडी पुढे केली आणि दुप्पट भाव सांगितला. खरं-खोटं ओळखायचं कसं?

रविवारची_भुर्जी: रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो हो. तपकिरी अंड्याची जात पिंजऱ्यात ठेवली तरी अंडं तपकिरीच देते. दुकानदाराला माझा कोपरापासून नमस्कार सांगा.

इझारकाठी: मी म्युनिकला असतो. इकडे अंड्यावरच आकडा छापलेला असतो: ० सेंद्रिय, १ बाहेर मोकळ्या, २ शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, ३ पिंजरा. जुने उघडेबोडके पिंजरे युरोपीय संघात २०१२ पासून बंद आहेत. २ वाचून कोंबड्या अंगणात हिंडतात असं मात्र समजू नका, चौरस मीटरला नऊपर्यंत चालतात. आपल्याकडे असा शिक्का नाही, त्यामुळे फार्मच बघायला हवा.

लेअरवाला: माझ्याकडे पिंजरेच आहेत, आधीच सांगतो. आपल्याकडच्या २०२३ च्या नियमांत पिंजऱ्यातल्या एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे. ए-फोर कागद ६२३ चा असतो. पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही, हे मान्य. पण पिंजऱ्यात अंडं घरंगळत पुढे येतं, विष्ठेला लागत नाही, माणसं कमी लागतात. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस पसरून कोंबड्या मोकळ्या सोडतात त्यात, तूस ओलं झालं की अमोनियाचा वास, कॉक्सी (आतड्याचा रोग), वर एकमेकींना टोचणं. म्हणून भाव जास्त असणारच. एनईसीसी (राष्ट्रीय अंडी समन्वय समिती) रोज जाहीर करते त्या साध्या अंड्यांच्या दरात कुणी केज-फ्री देतो म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.

ताई, शेडवर सकाळी दहाच्या आत जा. बहुतेक अंडी तेव्हाच पडतात. घरट्यांत कोंबड्या बसलेल्या दिसल्या पाहिजेत. साधारण पाच कोंबड्यांना एक घरटं लागतं. बसायला आडव्या काठ्या आहेत का बघा. तूस मुठीत दाबलं की गोळा होता कामा नये. आत घेणार नाहीत, रोगाची भीती असते, जाळीतून बघा.

चौकस_पुणेकर: त्या ऑफिसलाही दोन प्रश्न विचारा. धोरण भारतातल्या कचेरीला लागू आहे का, आणि भावातला फरक कोण देणार? मॅकडोनाल्ड्सनं २०१५ मध्ये दहा वर्षांत केज-फ्री अंड्यांवर जायचा वायदा केला, पण तो अमेरिका-कॅनडापुरता. अमेरिकेत तो मुदतीआधी पुरा केला, हे खरं. तरी अशा घोषणांत देश आणि साल आधी वाचावं.

मैदा_वाटी: विचारलं! फरक देतो म्हणाले. शनिवारी सकाळी आठला भोरच्या बाजूला एका शेडवर निघालेय. लेअरवाले दादा, जाळीबाहेरून मुठीत तूस कसं घेऊ?

लेअरवाला: मालकाला मूठभर बाहेर आणून द्यायला सांगा. आणि चपला बदलायला लावल्या तर कुरकुर करू नका, तो माणूस कामाचा आहे.